चार आणि दहाच्या मधला तीन

मला हे लिहायचं नव्हतं. आधीच सांगून ठेवतो.

आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक यंदा अश्विनी काढते आहे. पुण्याची पोरगी, इथे कानडी मुलखात आयटीत आहे. महिनाभर माझ्या मागे लागली होती. "काका, हॉलमधल्या गणिताच्या क्लासचे किस्से लिहा ना, प्लीज! तुम्ही रोज तिथे बसायचात. एकदम फनी होतील!"

फनी! मी चौथी शिकलेला म्हातारा, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं आईने शिंप्याच्या खडूने कापडावर गिरवून घेतली, म्हणून अजून माझी ओळ तिरकी जाते. अशा माणसाकडून गणितावर लिहून घ्यायचं आणि वर ते फनी पाहिजे!

शेवटी कंटाळून म्हटलं, "सरी, ठीक आहे, लिहितो. अट एकच. शेवटी एक नाव येईल, ते कापायचं नाही."

"कापायचं कशाला, काका?"

वाच म्हणजे कळेल.

किस्से कसे साचतात म्हणाल, तर मशीनखाली कात्रणं साचतात तसे. चिकपेटेत पन्नास वर्षं शिवणकाम केलं मी. रोज सकाळी झाडायचं, संध्याकाळी ढीग तयार. कोणी मुद्दाम साठवत नाही. फरक एवढाच, की कात्रणांची निदान गोधडी होते.

*

आमचा हॉल चिकपेटेत, कापडाच्या घाऊक दुकानांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. हात थरथरायला लागल्यावर मी मशीन विकलं आणि मंडळाने हॉलची किल्ली माझ्या गळ्यात घातली. संध्याकाळी पाचला उघडायचा, साडेसहाला लावायचा. मधला दीड तास दहावीच्या पोरांचा गणिताचा क्लास. मी मागच्या बाकावर.

शिकवायला हळबे सर. मंडळाचे सेक्रेटरी. बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात जन्मभर लोखंडाचे पार्ट मोजून पास-नापास करत होते. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून पोरं घेतली. फुकट शिकवायचे, हे कबूल केलं पाहिजे. आणि फुकट आहे म्हणून कोणी तोंड उघडायचं नाही, हेही त्यात आलंच.

त्या क्लासला माझी नात मेघना होती. तिला कपडे काढायचं वेड. काढायचं म्हणजे कागदावर. तिच्या वह्यांत झगे, झब्बे, लेहेंगे, आणि मधे कुठेतरी इतिहास. दहावीनंतर ड्रेस डिझाइनचा डिप्लोमा करायचा होता. तिचा बाप प्रकाश, माझाच मुलगा, देवनहळ्ळीच्या विमानतळावर टॅक्सी चालवतो. तो म्हणाला, "पहिल्या फटक्यात मॅथ्स पास झालीस तर डिप्लोमा. नाही तर मामाच्या साडीच्या दुकानात काउंटरवर बसायचं. मग रडायचं नाही."

मॅथ्स सोडून बाकी सगळ्या विषयांत ती बरी होती. म्हणून माझा मागचा बाक. मला वाटायचं, आपण बसलो की हिला धीर येईल. कशाचा येतोय!

*

पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर आडवी रेघ मारली. एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला दहा. "मध्यबिंदू सांगा."

चेतन म्हणून एक पोरगा, नेहमी सगळ्यात आधी हात वर. "तीन, सर!"

अर्ध्या क्लासने माना डोलावल्या. तीन. दहातून चार गेले सहा, सहाचे अर्धे तीन. संपलं!

मला राहवेना. "अरे, रेघ चारपासून सुरू होते. तीन तर रेघेच्या बाहेर आला! लग्न इथे चाललंय आणि अंतरपाट शेजारच्या कार्यालयात धरलास होय?"

पोरं हसली. चेतन नाही हसला. म्हणाला, "अण्णा, फॉर्म्युलात तसंच येतं."

"मग दिसत नाही का तुला?"

"दिसायचं काय त्यात? मॅथ्स आहे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

हळबे सरांचा उपाय म्हणजे घोकंपट्टी. झालं असं होतं, की पोरांना दोन फॉर्म्युले होते. अंतर काढायचा एक, त्यात मायनस. मध्यबिंदू काढायचा दुसरा, त्यात प्लस. पोरं एकातलं दुसऱ्यात घालायची. सरांनी सगळ्यांना उभं केलं आणि मध्यबिंदूचा फॉर्म्युला चाळीस वेळा म्हणायला लावला. आरतीसारखा! हातातल्या लाकडी पट्टीने ताल धरला. खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं जिन्याकडे तोंड करून बघायला लागली.

मी मागे बसलेला, त्यामुळे मला नीट ऐकू येत होतं. पुढच्या ओळी म्हणत होत्या "एक्स वन प्लस एक्स टू". मागच्या ओळी म्हणत होत्या "एक्स वन मायनस एक्स टू". चाळीसच्या चाळीस वेळा!

क्लास सुटल्यावर मी सरांना सांगितलं.

सर म्हणाले, "अण्णा, सूर एक लागला होता ना? बास."

*

मग मायनसचे आकडे आले. मायनस तीन आणि पाच, यांच्या मधोमध काय? चेतन म्हणाला, "मायनस तीन म्हणजे काय, जमिनीखाली?"

त्याला वाटलं आपण विनोद केला. मी त्याला धरून रविवारी एका मॉलमध्ये नेलं. तिथली लिफ्ट जमिनीखाली तीन मजले पार्किंगला जाते आणि वर पाचव्या मजल्यावर खाण्याची दुकानं. "तळापासून वरपर्यंत आठ मजले. अर्धे किती? चार. आता मायनस तीनपासून चार मजले वर ये."

पोरगा बोटं मोजत आला. "एक! अण्णा, एक!" त्याचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू. दार उघडल्यावर पहिल्या मजल्यावर उतरून तिथेच उभा राहिला, फरशीकडे बघत.

सिक्युरिटीवाला आला. "एनु बेकु?" काय पाहिजे?

चेतन म्हणाला, "मिडपॉइंट."

त्याने आम्हा दोघांना बाहेर काढलं.

सोमवारी क्लासमध्ये तेच गणित आलं. चेतनने हात वर केला. "चार, सर!"

मी डोक्याला हात लावला. "अरे, काल लिफ्टमध्ये एक आलं होतं!"

"ते लिफ्टमध्ये, अण्णा. तिथे झीरोच नव्हता, ग्राउंडचा जी लिहिलेला होता."

*

अश्विनी, हा तुझा. कापू नकोस.

एकदा मेघनाने हिला व्हॉट्सअ‍ॅपवर गणित पाठवलं. तीन आणि सहाचा मध्य. लहानसं गणित. बाईसाहेब म्हणाल्या, "थांब, मी प्रोग्रॅमच लिहून देते. मग कधीच प्रॉब्लेम नाही!" हॉलमध्ये बसून लॅपटॉपवर अर्धा तास टकटक केली. तीन आणि सहा घातले. उत्तर आलं चार.

मेघना हळूच म्हणाली, "ताई, साडेचार ना?"

अश्विनीने वाकून बघितलं. "अगं हो! पूर्णांक घेतलेत ना मी, म्हणून त्याने अर्धा टाकून दिला. मायनर आहे."

मायनर! बाहीत अर्धा इंच टाकून देणारा शिंपी चिकपेटेत दुसऱ्या दिवशी दुकान उघडत नसे. हिला त्याच महिन्यात कंपनीने प्रमोशन दिलं.

*

आता हसायचं संपलं. पुढचं वाचायचं तर वाचा.

मेघना घरी रडायची. मुसमुसून नाही, नुसतं पुस्तक उघडं ठेवून डोळे पुसायची. एका रविवारी दुपारी मी माझी जुनी टेप काढली. शिंप्याची टेप तोंडाशी झिजते. माझ्या टेपचे पहिले काही इंच तर गेलेच होते, आकडे दिसत नव्हते. टाकवत नाही म्हणून मी दहाच्या आकड्यापासून धरायचो. सगळं माप दहापासून.

"हे बघ," मी म्हटलं, "हे कापड दहाला सुरू होतं, चौतीसला संपतं. मधे खूण कर."

"चोवीसचे अर्धे बारा." तिने टेपवर बारा शोधला. बारा कापडाच्या काठालाच चिकटून. ती थबकली. टेपकडे बघितलं, कापडाकडे बघितलं. मग एकदम म्हणाली, "अज्जा! दहा परत मिळवायचे! बावीस!"

मी कापडाची घडी घातली, टोकाला टोक लावून. मोड बरोबर बावीसवर.

त्यानंतर पोरीने दिवसभर थांबायचं नाव घेतलं नाही. ग्राफ पेपरवर दोन टिंबं काढायची, रेघ जोडायची, एका टिंबावर दुसरं येईल अशी घडी घालायची. मोड रेघेला कापेल तिथे मध्यबिंदू. दोन-तीन आणि आठ-अकरा? घडी. पाच-सात! पुस्तकामागे उत्तर बघायचं, बरोबर! शेवटी शेवटी तर कागद लागेना. नुसतं बघून सांगायची. संध्याकाळी सून म्हणाली, "मामंजी, घरात एक कोरा ग्राफ पेपर ठेवला नाही तुम्ही!"

चौथी शिकलेल्या माणसाला आयुष्यात एकदा वाटलं, की आपल्याला काहीतरी येतं.

*

पुढच्या शनिवारी सरांनी टेस्ट घेतली. पाच गणितं, पाचही मध्यबिंदूची. मेघनाने पाच उत्तरं लिहिली. पाचही बरोबर. पेपरला घड्यांचे वळ.

सरांनी पेपर वर धरला. "फॉर्म्युला कुठाय?"

मेघना उभी राहिली.

"स्टेप्स कुठायत? नुसती उत्तरं? कोणाचं बघितलंस?"

"कोणाचं नाही, सर."

"मग कसं काढलंस?"

"घडी घातली, सर."

तीस पोरं हसली. चेतनसुद्धा. सर म्हणाले, "हा गणिताचा क्लास आहे, इस्त्रीचं दुकान नाही!" आणि तांबड्या पेनने शून्य काढलं. खाली लिहिलं, कॉपी.

मी उठलो. गुडघे कटकन वाजले, तेवढाच आवाज. "सर, मी शिकवलं तिला. कॉपी नाही ती. आत्ता इथे दुसरं गणित घाला, सोडवून दाखवेल."

सर माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

"अण्णा, तुम्ही चौथी ना? तुम्ही किल्ली सांभाळा."

आणि मी बसलो. तीस पोरांसमोर. मी बसलो.

*

मेघना क्लासला येत राहिली, पण घडी घालायची तिने सोडली. आता पाठ करायला लागली. प्लस की मायनस, मायनस की प्लस. भात कालवताना ओठ हलायचे. देवासमोर हात जोडले तरी तेच.

एकदा मी वहीत डोकावलो. पाच आणि अकराचा मध्य तिने लिहिला होता तीन.

"मेघना, तीन? पाच आणि अकराच्या मधे? तुला दिसत नाही?"

"दिसतं, अज्जा."

"किती दिसतं?"

"आठ."

"मग आठ लिही की!"

ती खोडरबराशी खेळत म्हणाली, "दिसलेलं लिहायचं नसतं, अज्जा. फॉर्म्युल्यातून आलेलं लिहायचं असतं."

मी वही तिच्याकडे परत सरकवली. मी किल्ली सांभाळणारा माणूस.

*

बोर्डाच्या परीक्षेला मी सोबत गेलो. गेटबाहेर शहाळीवाल्याच्या सावलीत बसलो. सुटल्यावर पोरं ओरडत, उड्या मारत बाहेर आली. मेघना सगळ्यांच्या मागून आली, प्रश्नपत्रिकेची गुंडाळी करून.

"मध्यबिंदूचं होतं का गं?"

"होतं. मायनस दोन, पाच आणि चार, तीन."

"मग?"

"एक, चार." लगेच म्हणाली. चालता चालता.

मी म्हटलं, "वा! झालं मग!"

"लिहिलं नाही."

मी थांबलो. ती नाही थांबली, त्यामुळे मला तिच्या पाठीशी बोलावं लागलं. "का?"

"प्लस की मायनस ते आठवेना. नुसतं उत्तर लिहिलं तर कॉपी म्हणतील. जागा कोरी सोडली."

निकाल लागला. पासाला पस्तीस लागतात. तिला तेहेतीस पडले. ते गणित दोन मार्कांचं होतं. एवढी बेरीज शिंप्यालाही येते.

पुन्हा परीक्षेला बसता येतं, माहीत आहे मला. फॉर्म मीच आणला होता. टीव्हीवर ठेवला, टीव्हीवरच राहिला, तारीख गेली. बापाने शब्द पाळला. आता ती मामाच्या दुकानात असते. गिऱ्हाइक वीस साड्या उलगडून एक घेतं किंवा घेतच नाही, मग ही बाकीच्या परत जागेवर लावते. दिवसभर. टोकाला टोक, मोड मधोमध, टेप लागत नाही. मामा कौतुकाने सांगतो, "हिच्यासारखी घडी अख्ख्या चिकपेटेत कोणाची नाही!"

ती हसते. मी तिकडून जायचं टाळतो.

*

शेवटचा. हा ऐकूनच अश्विनीने मला लिहायला बसवलं. तिला हा फनी वाटला.

मंडळाच्या वर्धापनदिनासाठी कोणीतरी पितळेचा मोठा लामणदिवा दिला. स्टेजच्या वर, बरोबर मधोमध टांगायचा ठरलं. सकाळी अकराला हळबे सर आले, मुलाने दिलेलं लेझरचं मोजायचं यंत्र घेऊन. ते यंत्र भिंतीला टेकवावं लागतं, लाल ठिपका पडतो तिथपर्यंतचं अंतर सांगतं. भिंत आणि स्टेज यांच्यामधे आमचा जिना आहे, त्यामुळे स्टेज भिंतीपासून सहा फुटांवर सुरू होतं. ते सव्वीस फुटांवर संपतं. चेतन आळीपाळीने दोन्ही काठांना पुठ्ठा धरून उभा राहिला. सरांनी आकडे लिहून घेतले.

मग सगळ्यांसमोर खिशातून पेन काढून मंडळाच्या लेटरहेडवर फॉर्म्युला मांडला. नीट, एकाखाली एक, स्टेप्ससकट. सव्वीस मायनस सहा, वीस. वीस भागिले दोन, दहा. खाली दोन रेघा.

सरांनी यंत्राने भिंतीपासून दहा फूट मोजले आणि वर बोट दाखवलं. "मंजू, तिथे ड्रिल कर."

मंजू आमचा इलेक्ट्रिशियन, जवळच राहणारा कानडी गौडा. शिडीवर चढून त्याने स्टेजच्या एका टोकाकडे बघितलं, मग दुसऱ्या. "सार, स्वल्प बाजूला येतंय का?"

"मोजून काढलंय, मंजू!"

मी किल्ली घेऊन दारात उभा होतो. सरांनी सांगितलेलं काम करत.

सिमेंटची धूळ पडली. हूक बसला. दिवा चढला. मंजू शिडी काढून बाजूला झाला आणि सगळ्यांनी वर बघितलं. स्टेज वीस फुटांचं. दिवा डाव्या काठापासून चार फुटांवर, बरोबर पेटीवाल्याच्या खुर्चीच्या डोक्यावर. हॉलमध्ये पंधरा माणसं होती.

सरांनी लेटरहेड परत बघितलं. पेनचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं.

तेवढ्यात जिन्यातून मेघना वर आली, स्टेजला लावायचं कापड दुकानातून घेऊन. तिने वर बघितलं. कोणाला काही विचारलं नाही. कापडाचं एक टोक स्टेजच्या डाव्या काठावर पायाखाली दाबलं, तागा मंजूकडे फेकला. "मंजूअण्णा, स्वल्प त्या काठाला धरा." मंजूने तिकडे चिमटीत धरला. तिने आपलं टोक उचललं, चालत त्याच्यापर्यंत गेली, टोकाला टोक लावलं, कापड ताणून मोड कुठे आली ते बघितलं आणि मोडीखाली फळीवर खडूने फुली मारली. तिथून मंजूने ओळंबा लावला.

सर म्हणाले, "कसं काढलंस?"

मेघना कापडाची धूळ झटकत होती.

"घडी घातली, सर."

या वेळी कोणी हसलं नाही. सरांनी फुलीकडे बघितलं. मला वाटलं, आता. आता बोलतील.

सर म्हणाले, "मंजू, तिथे दुसरं ड्रिल कर." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "पहिलं भोक पंख्यासाठी ठेवलंय."

दिवा आता मधोमध आहे. त्याच्यापासून सहा फुटांवर भोक आहे. मी रोज पाचला हॉल उघडतो आणि आधी वर बघतो. पंखा अजून आलेला नाही. माफीही आलेली नाही, माझ्याकडे नाही आणि पोरीकडेही नाही. ज्यांच्याकडून यायची, त्यांचं नाव पूर्ण छाप, अश्विनी: दिगंबर रघुनाथ हळबे.